आप्पांचा पाय आणि गौरीसाठी आणलेल्या गोळ्या

आमच्या घरात आप्पांच्या उजव्या पायाला एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा मान होता. आप्पा ओसरीवर बसले की तो पाय आधी स्टुलावर चढे आणि मग बाकीचे आप्पा स्थिरस्थावर होत. डाव्या पोटरीच्या दीडपट जाड झालेली ती पोटरी, घोट्यापाशी काळवंडलेली कातडी आणि संध्याकाळपर्यंत बोट दाबले तर पडणारा खळगा हे सगळे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. १९७४ साली विहिरीच्या कामावर त्यांच्या मांडीचे हाड मोडले, दीड महिना पायाला वजन लावून ते खाटेवर पडून होते आणि त्यातच पाय सुजला. "शिरेत वारा भरलाय," असे निदान गावातच झाले आणि पुढे तीस वर्षे त्या पायाला तेल लागत राहिले.

दुसरी गोष्ट आप्पांच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे माझ्या आत्याची. मी तिला पाहिलेले नाही. माजघरातल्या फोटोखेरीज तिच्याबद्दल एकच वाक्य आमच्या वाट्याला आले, आणि तेही आजी डोळ्याला पदर लावूनच सांगे : "डोकं दुखतंय, डोकं दुखतंय म्हणत होती, अकराव्या दिवशी आकडी आली आन् गेली." पहिलटकरीण होती, मूल वाचले. बाळंतरोग झाला असे काहींनी म्हटले, आणि ती तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसली होती याची आठवण काहींनी काढली.

पन्नास वर्षे या दोन गोष्टी आमच्या घरात वेगवेगळ्या सांगितल्या गेल्या. त्या एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत हे कळायला माझ्या भावाची मुलगी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अतिदक्षता विभागात जावी लागली.

त्याला आता चार वर्षे होतील. भाची पुण्याला नोकरीला असते आणि गौरी-गणपतीला न चुकता गावी येते. त्या वर्षी तिची पाळी नेमकी चतुर्थीच्या सुमारास येणार होती. घरात गौरी बसायच्या, वहिनींची कंबर धरलेली, तेव्हा "आत्या, तूच काहीतरी कर" असे तिने मला फोनवर सांगितले. मी काय करणार, जे आपल्याकडे घरोघरी करतात तेच केले. औषधांच्या दुकानात गेले, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या आणि त्या चिठ्ठीशिवाय मिळाल्या. पाच मिलिग्रॅमची नॉरएथिस्टेरॉन, दिवसातून तीन, नऊ दिवस. माझ्या स्वतःच्या लग्नात, नणंदेच्या मंगळागौरीला, पंढरपूरला जाताना मी याच गोळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे मनात शंका म्हणून आली नाही. गोळ्या सुरू असतानाच हरतालिका आली आणि तिने निर्जळी उपवास केला, कारण तो ती दहावीपासून करत आली होती.

गौरी आवाहनाच्या संध्याकाळी तिचे डोके दुखू लागले. जागरण, धूप, दिवसभराचे ओणवे काम, म्हणून आम्ही कपाळाला सुंठीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला आणि ती माजघरात भिंतीला टेकून बसून राहिली. आडवी हो म्हटले की म्हणायची, "आडवं झालं की जास्त ठणकतं." हे वाक्य मी आज कुठेही ऐकले तर ताडकन उठून उभी राहीन, त्या दिवशी मात्र मी तिला आल्याचा रस दिला. उलटी झाली तेव्हा पित्त पडले, आता बरे वाटेल, असे आम्ही एकमेकींना सांगितले. विसर्जनाच्या दिवशी सकाळी तिला फिट आली. उजव्या हातापासून सुरू झालेला झटका बघता बघता सर्वांगात पसरला.

पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला आणि त्यात विशेष काही नाही असे सांगण्यात आले. या दुखण्यात साधा सीटी स्कॅन बऱ्याचदा निर्दोष दिसतो, हे मला नंतर कळले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरणीने एक छोटेसे उपकरण लावून तिच्या डोळ्यांत पाहिले आणि दृष्टीच्या नसेच्या मुळाशी सूज आहे, म्हणजे कवटीच्या आत दाब वाढला आहे, असे सांगितले. मग मागे वळून तिने आम्हा सगळ्यांना एकदमच विचारले, "पाळीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" भाऊ माझ्याकडे पाहू लागला, वहिनी जमिनीकडे. "मी आणून दिल्या," असे मी म्हणाले.

एमआरआयबरोबर मेंदूच्या शिरांचे वेगळे चित्रण झाले. डोक्याच्या मधोमध कपाळापासून मागेपर्यंत अशुद्ध रक्त वाहून नेणारा एक मोठा पाट असतो, तो त्या चित्रात पांढऱ्या कमानीसारखा उमटायला हवा होता. भाचीच्या चित्रात कमानीचा पुढचा भाग होता आणि मागे काहीच नव्हते. तिथे गुठळी होती. मेंदूच्या नीलांमधली ही गुठळी म्हणजे पक्षाघाताचाच एक प्रकार, परंतु आपण ज्याला लकवा म्हणतो त्याहून वेगळा. नेहमीच्या पक्षाघातात मेंदूकडे येणारी रोहिणी बंद होते किंवा फुटते, तर यात रक्त मेंदूपर्यंत पोहोचते पण बाहेर पडायला वाट राहत नाही. हा प्रकार एकूण पक्षाघातांमध्ये विरळा असला तरी तो तरुणांना, आणि त्यातही स्त्रियांना, अधिक गाठतो. २१ देशांतल्या ६२४ रुग्णांचा जो मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्मे रुग्ण ३७ वर्षांच्या आतले होते आणि चारांपैकी सुमारे तीन स्त्रिया होत्या.

त्यानंतर जे झाले ते मला अजून स्वप्नात दिसते. अहवालात मेंदूत रक्तस्रावाचे ठिपकेही होते, आणि डॉक्टर मात्र रक्त पातळ करणारे हेपॅरिन सुरू करण्यासाठी भावाची सही मागत होते. डोक्यात रक्त सांडलेले असताना रक्त पातळ करायचे? भावाच्या हातातले पेन तसेच राहिले. तेव्हा डॉक्टरांनी त्याला त्याच्याच भाषेत समजावले : ओढ्याचे तोंड तुंबले की पाणी मागे फुगते आणि बांध फुटतो, फुटलेला बांध लिंपत बसण्यापेक्षा आधी तोंड मोकळे करावे लागते. शेतकरी माणूस, त्याने लगेच सही केली. हा धाडसी वाटणारा उपचार १९९१ साली जर्मनीत कार्ल आइनहॉइप्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारखून पाहिला होता. अवघे २० रुग्ण झाले तोवर हेपॅरिन मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची स्थिती यांतला फरक इतका उघड दिसला की प्रयोग तिथेच थांबवला गेला. भाची अकराव्या दिवशी घरी आली. अकरावा दिवस कोणाच्या लक्षात होता ते सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. "घरात कोणाला पायात गुठळी, बाळंतपणात काही?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा भावाने सरळ "नाही" म्हटले. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने आप्पांच्या पायात वारा भरला होता आणि आत्याला बाळंतरोग झाला होता; 'गुठळी' हा शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारलाच नव्हता. मी मात्र त्या रात्री रुग्णालयाच्या पायरीवर बसून आप्पांचा पाय आणि आत्याचे डोके शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि सकाळी डॉक्टरांना सांगितले.

तपासण्यांचा पहिला अहवाल घाबरवणारा होता. रक्ताचे गोठणे आवरणारी दोन द्रव्ये, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन, दोन्ही कमी. मुंबईच्या रक्तविकारतज्ज्ञांनी तो पाहून बाजूला ठेवला. ताजी गुठळी असताना ही द्रव्ये खर्च होऊन गेलेली असतात, हेपॅरिनमुळे अँटिथ्रॉम्बिन खाली येते, संप्रेरकांमुळे प्रोटीन एस उतरते आणि पुढे रक्त पातळ करण्यासाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी प्रोटीन सी व प्रोटीन एस दोन्ही उतरतात, त्यामुळे त्या घटकेला केलेल्या या मोजमापांना अर्थ नसतो, असे त्यांनी सांगितले. (उपचार संपल्यावर, गोळ्या बंद करून काही आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा केली तेव्हा दोन्ही अगदी योग्य निघाले. मधल्या काळात आमच्या एका नातेवाइकांनी प्रोटीन एस वाढवण्यासाठी प्रथिनांची पावडर आणून दिली होती! त्या 'एस'चा संबंध आहारातल्या प्रथिनांशी नसून, ते ज्या सिअ‍ॅटल शहरात ओळखले गेले त्याच्या आद्याक्षराशी आहे.) जनुकीय तपासणीला मात्र वेळकाळ नसतो, कारण जनुक औषधाने बदलत नाही. तीत उत्तर सापडले : फॅक्टर फाइव्ह लायडन, एका पालकाकडून आलेला.

लायडन हे नेदरलँड्समधले विद्यापीठाचे जुने गाव आहे. स्वीडनचे ब्यॉर्न डालबेक यांना १९९३ साली काही कुटुंबांत असे आढळले की त्यांच्या रक्तावर प्रोटीन सी या नैसर्गिक रोधकाचा नीट परिणाम होत नाही, आणि पुढच्याच वर्षी लायडनमध्ये रोखिअर बर्टिना यांच्या गटाने त्यामागचा जनुकातला बदल शोधून काढला. आमच्याकडे उसाला पाणी देताना माणूस दारे धरतो. वाफा भरला की त्याने दारे मोडून पाणी पुढे सोडायचे असते, त्याला डुलकी लागली तर वाफा तुडुंब भरून बांधावरून पाणी जाते. शरीरात जखम झाली की रक्त गोठले पाहिजेच, पण काम झाल्यावर ते गोठणे थांबवण्याची पाळी प्रोटीन सीची असते, आणि ते फॅक्टर फाइव्ह या घटकाला ठरावीक जागी कापून निकामी करते. या दोषात त्या कापायच्या जागीच, ५०६ व्या स्थानावर, एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे बसलेले असते. कात्री आहे, पण धार लागत नाही. कापायला सुमारे दसपट वेळ लागतो.

युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातल्या सुमारे पाच जणांत हा बदल सापडतो, भारतात तो बराच कमी आढळतो. वीस हजार वर्षांहून आधी कधीतरी एकाच व्यक्तीत तो उपजला असावा, असा जनुकीय अभ्यासांचा अंदाज आहे. तिथून तो साताऱ्याकडच्या आमच्या वाडीपर्यंत कसा आला असेल याचा विचार करताना मला नेहमी थोडी गंमत वाटते. आमचे कुळवृत्तांत तेरा पिढ्यांपलीकडे जात नाहीत.

हा दोष एकटा सहसा काही करत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लायडनच्याच संशोधकांनी १९९४ मध्ये, मुख्यतः पायातल्या खोल शिरांतल्या गुठळ्यांबाबत, एक हिशेब मांडला होता. गर्भनिरोधक गोळी न घेणाऱ्या आणि दोष नसलेल्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला एकीलाही जेमतेम गुठळी होते, नेमका आकडा ०.८. गोळी घेतली तर ३, नुसता दोष असेल तर ५.७, आणि दोष व गोळी एकत्र आले तर २८.५. बेरीज करून नऊच्या आसपास आकडा यायला हवा होता, तो तिपटीहून वर गेला. त्याच वेळी, दोन्ही असूनही दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे सत्तरांना त्या वर्षी काही होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. मी स्वतः नंतर तपासून घेतले. दोष माझ्यातही आहे. दोन बाळंतपणे आणि त्या गोळ्यांचे कितीतरी कोर्स माझ्या अंगावरून सुखरूप गेले, म्हणूनच मी त्या भाचीला निर्धास्तपणे देऊ शकले.

नॉरएथिस्टेरॉन हे गर्भनिरोधक मिश्र गोळ्यांतल्यासारखे, रक्ताची गोठण्याची ओढ वाढवणारे इस्ट्रोजेन नव्हे, म्हणून ते निरुपद्रवी असा समज आहे. परंतु पाळी ढकलण्यासाठी जेवढ्या मात्रेत ते घेतले जाते, तेवढ्यात त्याचा काही अंश शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि तो गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनच्या जवळपास जाऊ शकतो. त्यात आमच्याकडे उपवासाचे कोरडेपण आणि बसचा प्रवास मिळाला. गोळी घेणारी प्रत्येक मुलगी आजारी पडते असे मी म्हणत नाही. दुकानदाराने मला एक प्रश्नही विचारला नाही, आणि विचारला असता तरी मी भावासारखेच उत्तर दिले असते, एवढेच म्हणते. आत्याच्या वेळी गोळ्या नव्हत्या, पण बाळंतपण होते. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत रक्ताची गोठण्याची ओढ निसर्गतःच वाढलेली असते, आणि त्यात बंद खोली, शेक-शेगडी आणि "बाळंतिणीला पाणी मोजून द्यावं" हा दंडक. डोके दुखते म्हणणाऱ्या त्या मुलीला किती पेले पाणी मिळाले असेल याचा मी विचार करते तेव्हा मला आजीचा राग येत नाही, पण मी गप्पही बसू शकत नाही.

इथे एक खुलासा करते, कारण माझ्याकडून हे ऐकून ओळखीच्या दोघांनी प्रयोगशाळेतून तपासण्यांचे महागडे पॅकेज करून घेतले. तरुण वयात आलेला प्रत्येक पक्षाघात अशा जन्मजात दोषामुळे येत नाही. रोहिणीतल्या पक्षाघाताशी या दोषांचा संबंध तसा क्षीण आहे. तिथे रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, हृदयाचे विकार, मानेतल्या रोहिणीला गेलेला चिरा यांचा शोध आधी घ्यावा लागतो. अपवाद आहे तो हृदयातल्या छिद्राचा. गर्भात असताना हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी वाट असते, ती चौघांपैकी एकात आयुष्यभर पूर्ण बंद होत नाही. पायातल्या शिरेत झालेली गुठळी एरवी फुप्फुसात अडकली असती, ती या वाटेने डावीकडे जाऊन थेट मेंदूत पोहोचू शकते. तरुणांत न चुकता पाहायची आणखी एक तपासणी गुठळ्यांना कारण होणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, आणि तो विकार सहसा वारशाने येत नाही.

भाचीच्या अहवालात एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचीही एक ओळ लाल अक्षरांत होती. ती इतक्या सर्वसाधारण बदलाची होती की तज्ज्ञांनी त्यावर एक शब्दही खर्च केला नाही. तिचे होमोसिस्टिन (बी-१२ कमी पडले की रक्तात साचणारे एक अमिनो आम्ल) मात्र वाढलेले होते आणि बी-१२ तळाला होते, त्याची त्यांनी दखल घेतली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली होती, तीत ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टिन जास्त. म्हणजे यात आमचे घर काही वेगळे नव्हते.

पुढचे वर्षभर तिने असिनोकुमरॉल हे रक्त पातळ करणारे औषध घेतले. ही गोळी म्हणजे घरात आलेला कडक शिस्तीचा पाहुणा. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन आणि तीनच्या मध्ये राहिला पाहिजे, त्यासाठी आधी आठवड्याला आणि मग महिन्याला रक्त द्यायचे, आणि अर्धी-पाव गोळी कमीजास्त करायची. "पालेभाजी बंद करा" असे चौघांनी सांगितले. तज्ज्ञांनी सांगितले की मेथी, पालक, कोथिंबीर खुशाल खा, फक्त या आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असे करू नका, कारण त्यातले के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. एकदा दातांच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिले, गोळी चालू असल्याचे सांगायचे आम्ही विसरलो, आणि पाच दिवसांनी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आयएनआर ४.८ आला होता. तेव्हापासून तिच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असे.

उजव्या हाताची बोटे तीन महिन्यांत पूर्ववत झाली. मी तिला रोज एक पान लिहायला लावत असे. पहिल्या पानावरच्या ओळी उताराला लागलेल्या आहेत, चाळिसाव्या पानापाशी तिची जुनी अक्षरवळणे परत आलेली दिसतात. ६२४ जणांच्या त्या अभ्यासातही जवळपास ८० टक्के रुग्ण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. निदान वेळेत झाले तर हा आजार बराच दयाळू आहे.

नातेवाइकांना सांगण्याचा भाग मात्र कठीण गेला. दोष असलेल्या पालकाकडून प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. आप्पांची भावंडे पाच, त्यांची मुले-नातवंडे मिळून आज आम्ही चाळिसांच्या घरात. मी फोन करायला घेतले तेव्हा वहिनींनी हात धरला. "पोरीचं लग्न व्हायचंय. रक्तात दोष म्हटलं की कोण येणार दारात?" त्यांचे चुकत नव्हते. मी भाचीलाच विचारले. ती म्हणाली, "आत्या, त्या फोटोतल्या आत्यांना काय झालं होतं ते कुणी सांगितलं असतं तर मी गोळ्या घेतल्या नसत्या." मग मी सगळ्यांना फोन केले. सगळ्यांनी तपासून घ्यावे असे मी सुचवले नाही, तज्ज्ञांनीही सुचवले नव्हते. घरात काय काय घडले आहे ते फक्त सांगितले आणि ते डॉक्टरांना सांगा म्हटले. काहींनी ऐकून विषय बदलला. आत्याने मागे ठेवलेला मुलगा, आता साठी ओलांडलेला, बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने विचारले, "म्हणजे आईला काही बाधा झाली नव्हती?" त्याच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. तिच्या नवऱ्याचीही तपासणी झाली. त्याच्यात दोष नव्हता.

भाचीचे लग्न गेल्या वर्षी ठरले. मुलाला तिने दुसऱ्याच भेटीत सगळे सांगितले होते, गरोदरपणात आणि नंतरचे सहा आठवडे पोटावर हेपॅरिनची इंजेक्शने घ्यावी लागतील हेसुद्धा. तो म्हणाला, "टोचायला मी शिकतो."

यंदा गौरी जेवणाच्या दिवशी सकाळीच तिची पाळी आली. ती माजघराच्या दाराशी येऊन उभी राहिली, आत यावे की नाही अशी. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले, शिजलेल्या डाळीचे पातेले उतरवले, आणि पुरणयंत्र तिच्याकडे सरकवत म्हणाल्या, "उभी काय राहिलीस, गरम आहे तोवर वाटून घे."